पारावरचं बायकांचं शिबिर

आदिलाबाद जिल्ह्यात तामसीकडच्या आमच्या मराठी गावात मेडिकल कॉलेजची पोरं दरसाल येतात. पांढरे कोट, गळ्यात नळ्या, आणि डॉक्टर व्हायच्या आधीच डॉक्टर झाल्याचा तोरा. त्या वर्षी त्यांनी खास बायकांसाठी शिबिर आणलं. त्यांना मराठी येत नव्हतं, गावातल्या बायकांना तेलुगू. मी आदिलाबादला शिकत होते, म्हणून दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

शिबिर कुठं मांडायचं ते माझ्या बाबांनी ठरवलं. पाहुण्यांना मान द्यायचा तर मारुतीच्या पारावरच द्यायचा! दाट सावली, ऐसपैस ओटा, समोरच बस थांबते. अडचण एवढीच, की आमच्याकडे सुना पारावर चढत नाहीत. समोरून जायचं झालं तरी चपला हातात, पदर डोक्यावर. बायकांचं शिबिर नेमकं सुनांनाच बंदी असलेल्या जागी! मी बोलले, तर बाबा म्हणाले, "तुले लय समजते. ज्याइले गरज आहे त्या येतीन."

गरज माझ्या वैनीला होती. तिच्या छातीत गाठ होती. तिची मावशी अशाच गाठीनं गेली होती, त्यामुळे वैनीची झोप उडाली होती. दादाला सांगितलं तर तो म्हणाला, "शिबिरात बाई डॉक्टर येतीन, तवा दाखव." तेव्हापासून ती शिबिराची वाट पाहत होती.

शिबिराला गावातले सगळे पुरुष आले. बीपीचा पट्टा दंडाला आवळला की आजार निघून जातो, असा त्यांचा ठाम समज. एक आजोबा फिरून रांगेत आले आणि म्हणाले, "आता या हाताचं वारं काढ बापू." पोरंही खूश, कामाचा नुसता धडाका! त्यांच्या म्होरक्याला मी सांगितलं की सुना इथं यायच्या नाहीत, मेज दुसरीकडे हलवा. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, खेड्यातल्या बायकांत जागृतीच नसते. अस्सा राग आला मला! मेज काही हललं नाही.

देवाला दया आली ती चहामुळे. सकाळपासून जो तो पाहुण्यांना चहा पाजत होता, आणि त्यांच्यातल्या दोन मुलींना संडास कुठं आहे हे विचारायची वेळ आली. मी त्यांना आमच्या घरी नेलं. वैनी परसात पाण्याची बादली घेऊन उभीच होती. मी गाठीचं सांगितलं, तशी एकीनं तिला न्हाणीत नेऊन तपासलं. बाहेर आली तेव्हा पोरीच्या चेहऱ्यावरचा तोरा पार उतरला होता. ती मला म्हणाली, यांना आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात न्या, अजिबात थांबू नका.

बातमी भिंतीवरून शेजारी गेली. मग काय विचारता! शेजारणी, जावा, नवी नवरी, जी ती टमरेल घेऊन आमच्या परसात. एवढी ओढ आमच्या संडासाची कधी कुणाला लागली नव्हती. त्या दोघी पोरी घामाघूम होईपर्यंत तपासत होत्या.

शेवटी पारावर भाषण झालं. म्होरक्या म्हणाला, या गावातली एकही बाई तक्रार घेऊन आली नाही, इथल्या बायकांची तब्येत उत्तम आहे. हे मराठीत सांगायचं कोणी? मीच! दातओठ खात सांगितलं. टाळ्या पडल्या. परसातल्या दोघी मागं उभ्या होत्या, त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही.

रात्री जेवताना मी आदिलाबादचा विषय काढला. दादा म्हणाला, "पारावर सांगतलं ना, बायकाइले काई नाई म्हून? मंग आदिलाबादले काऊन जायचं? कापूस कोण वेचीन?" बाबांनी मान डोलावली. मी भांडले, ताट सोडून उठले. वैनी खाली मान घालून भाकरी थापत राहिली.

सकाळी तिनं नवं लुगडं नेसलं, पिशवी घेतली आणि निघाली. मी मागोमाग पळाले. पारावर बाबा आणि त्यांची मंडळी बसली होती. वैनी चपला घालून पार चढली आणि मधोमध जाऊन बसली. बाबा सुनेशी थेट बोलत नसत, त्यांनी मला विचारलं, "हे काऊन इथं बसली?"

उत्तर वैनीनं दिलं. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्याशी बोललेलं तिचं ते पहिलंच वाक्य.

"मामाजी, बायकाइचं शिबिर इथंच असते ना? मी तपासाले आली."

कालचे वारंवाले आजोबा तेवढे सरकून बसले. मग आदिलाबादची बस आली आणि आम्ही दोघी चढलो.

गाठ साधी निघाली. पारालाही अजून काही झालेलं नाही.