द्राक्षं खाणाऱ्या कुत्र्यासाठी झटक्याची तार

रविवार. संक्रांतीला चार दिवस बाकी. सकाळी नऊ. आमच्या वस्तीवरचं अंगण, तालुका कवठे महांकाळ.

हजर : सासूबाई, पाठीवर ऊन घेत खुर्चीत. माझे यजमान. धाकटे दीर, दोन वर्षांपूर्वी फौजेतून निवृत्त होऊन आलेले. आमच्या बांधाला बांध असलेले भावकीतले बागायतदार. आणि मी, वही घेऊन.

गैरहजर : ज्याच्यासाठी ही बैठक बोलावली तो. तो त्या वेळी बागायतदारांच्या द्राक्षबागेत होता.

त्याचं नाव मी वहीत कधी लिहिलं नाही. घरात प्रत्येकजण त्याला वेगळ्या नावानं हाक मारतो आणि तो एकाही नावाला ओ देत नाही. तांबडा, एक कान पडलेला, गावठी कुत्रा. भाकरी खातो, वासराच्या अंगावर डोकं ठेवून झोपतो, आणि द्राक्षांसाठी जीव टाकतो.

हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. मागच्या हंगामात बागेत गळून पडलेले मणी त्यानं पोटभर खाल्ले. दुसऱ्या दिवसापासून उलट्या सुरू झाल्या, मग लघवी बंद झाली. तीन दिवस सलाईन लावल्यावर तो उभा राहिला. डॉक्टरांनी तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं की द्राक्षं कुत्र्याची किडनी खराब करतात, थोडी खाल्ली तरी भरवसा नाही, आणि पुढच्या वेळी हा वाचेलच असं मी सांगू शकत नाही. आमच्या तालुक्यात कुत्र्याला द्राक्षांपासून लांब ठेवायचं म्हणजे माशाला पाण्यापासून लांब ठेवण्यासारखं आहे. बांधलं तर तो रात्रंदिवस रडे आणि दोर चावून तोडे. आता बागेत मणी गोड व्हायला लागले होते. म्हणून बैठक.

दिरांनी आमच्यापैकी कुणाला न विचारता एक पार्सल मागवून ठेवलं होतं. त्यात कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा पट्टा निघाला. पट्ट्याला काळी डबी, डबीला आतून दोन बोथट खिळे, आणि वेगळा रिमोट. कुत्रा बागेकडे निघाला की इकडे बटण दाबायचं, तिकडे त्याच्या मानेला विजेचा झटका बसायचा. एक ते दहा असा जोर.

"फौजेत एक शिस्त असती, वहिनी," दीर म्हणाले. "जे दुसऱ्याला लावायचं, ते आदी आपल्याला लावून बघायचं."

"मग बांध की गळ्यात," यजमान म्हणाले.

दिरांनी पट्टा मनगटाच्या वर बांधला आणि रिमोट मोठ्या भावाच्या हातात दिला. ही चूक होती. यजमानांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

त्यांनी तीनवर दाबलं. दीर म्हणाले, "काय न्हाई. मुंगी चावल्यागत." त्यांनी चारवर दाबलं. "दोन मुंग्या."

"आरं, फौजी हाय त्यो," बागायतदार म्हणाले. "त्येला सात लाव."

यजमानांनी सात लावलं. दिरांनी जी आरोळी ठोकली ती बागेच्या पार टोकाला गेली असणार, कारण पुढच्या क्षणी बांधावरून तांबडं काहीतरी उडत आलं. कुत्रा थेट दिरांच्या छातीवर. दीर खुर्चीसकट उताणे. चहा माझ्या वहीवर. कुत्रा त्यांचं तोंड, कान, मिशा, दिसेल ते चाटत सुटला, आणि यजमान हसता हसता कोलमडले तेव्हा हातातलं बटण पुन्हा एकदा दाबलं गेलं.

हसणं ओसरल्यावर सासूबाई बोलल्या. "बघितलंस? तू वरडलास तर त्यो आला पळत. उद्या त्यो वरडला तर कोण पळणार हाय?"

दिरांनी पडल्या पडल्याच पट्टा सोडला. "न्हाई वहिनी, हे नगं," ते म्हणाले. "जोराचं सोडा. बटन माणसाच्या हातात ऱ्हातंय. आज दादा हसत हुता. एखाद्या दिशी रागात आसंल." वहीच्या कोरड्या भागावर मी लिहिलं : पट्टा, रद्द.

"मग बांधावरनं तार वडा," बागायतदार म्हणाले, "आन लायटीची वायर द्या जोडून. कटकट मिटली."

दीर उठून बसले. "मेन लाईन जोडली तर कुत्रं मरतंयच, संगं तुमी, मी, शेरडं, समदी. आन जो ऱ्हायला त्यो जेलात." मग त्यांनी झटका मशीनची माहिती सांगितली. डुकरं अडवायला शेतकरी बसवतात तीच. सौर पाटीवर, म्हणजे सोलर पॅनेलवर, चार्ज होणारी बॅटरी, बॅटरीवर मशीन, आणि मशीन तारेत क्षणभर झटका सोडतं, थांबतं, पुन्हा सोडतं. लागतो जोरात, पण धरून ठेवत नाही. "आन महत्त्वाचं म्हंजे," ते म्हणाले, "तारंला राग येत न्हाई. जो शिवंल त्येलाच लागती, आन जागच्या जागी."

ठरलं. कामं वाटली. खांब यजमानांकडे, मशीन आणि तार दिरांकडे, अर्थिंगला जमिनीत पुरायच्या सळ्यांसाठी कोळसा आणि मीठ माझ्याकडे, कारण आमची मुरमाड जमीन इतकी कोरडी की ओल धरून ठेवल्याशिवाय झटका बसतच नाही. बागायतदारांकडे सूचना देण्याचं काम होतं. ते त्यांनी चोख केलं.

संक्रांत झाल्यावर तीन दिवसांत बागेच्या बाजूनं अख्ख्या बांधाला तिपदरी तार उभी राहिली. मशीन टक्... टक्... करायला लागलं. सासूबाईंच्या जुन्या पातळाच्या पांढऱ्या चिंध्या आम्ही खालच्या तारेला हातहात अंतरावर बांधल्या, म्हणजे कुत्र्याला हद्द डोळ्यांना दिसावी. सकाळ-संध्याकाळ दीर त्याला दोरीला धरून तारेच्या कडेनं नेत, चिंध्यांजवळ शिट्टी मारत, मागं वळला की भाकरीचा तुकडा देत. बाकीचं तारेनं एकदाच करायचं होतं.

मीही तारेला बोट लावलं. ते माझ्या यादीत होतं. कुणीतरी कोपरापर्यंत खस्सकन चिमटा ओढत नेल्यासारखं वाटलं. त्यानंतर मी कुणालाही "एवढंच?" असं म्हटलं नाही.

कुत्र्यानं तिसऱ्या दिवशी नाक लावलं. एकदाच केकाटला आणि सासूबाईंच्या खुर्चीमागं जाऊन बसला. सासूबाई दुपारच्या चहापर्यंत त्याचं डोकं कुरवाळत बसल्या. चहाला म्हणाल्या, "जगंल तर खरं." त्यानंतर तो तारेपासून दोन हात लांब बसायचा, चांगला कान ताठ करून टक्टक् ऐकत. दीर दिवसातून तीनदा कौतुकानं सांगायचे की एवढ्या शिस्तीचा जवान त्यांनी पलटणीतही पाहिला नाही.

थंडी सरली. बाग काढणीला आली. क्रेट आले, टेम्पो आले, काढणीच्या बायका आल्या. मी रोज वहीत "कुत्रा" या ओळीसमोर टिक करत होते.

एका दुपारी टिक करायला बाहेर आले, तर तारेजवळ कुत्रा नव्हता. खुर्चीमागं नव्हता, वासराजवळ नव्हता. मशीन मात्र टक्टक् करत होतं. मी बागेकडे बघितलं. लांब, वेलींच्या ओळीत, तांबडी शेपूट हलत होती.

मी पळाले. पन्नाशीच्या बाईनं ढेकळातून जेवढं पळता येतं त्याहून जास्त पळाले. हाका मारत, यजमानांना फोन लावत, मनात मोजत, खाल्ल्यावर किती वेळात उलटी करवायला न्यावं लागतं, गाडीची किल्ली कुठं आहे. पोचले तेव्हा तो मांडवाखाली बायकांच्या घोळक्यात मधोमध बसला होता आणि त्याचं तोंड लालभडक होतं.

"किती खाल्ली यानं?" मी ओरडले.

"काय, आक्का?" एकीनं विचारलं.

"द्राक्षं!"

"द्राक्षं?" सगळ्या हसायला लागल्या. त्यातली थोराड बाई पुढं आली. "आवं, एक मनी बी घावू दिला न्हाई त्येला. मालकांनी पहिल्याच दिशी सांगितलं, कुत्रं आलं तर डोळ्यात तेल घालून बघायचं, भाकरी घालायची, आन एक जनीनं धरून बसायचं. न्हाईतर वहिनी मला बागंत पुरत्यात, म्हनले. ही आमच्या कालवणाची तर्री हाय. चार दीस झालं येतोय, बराबर जेवायच्या टायमाला."

मी तिथंच ढेकळावर बसले. कुत्रा माझ्या मांडीवर तर्रीचं तोंड पुसायला लागला. बागायतदार लांबून येत होते. "वहिनी, सूचना दिली का न्हाई मी?" ते म्हणाले. एरवी मी त्यांना उत्तर दिलं असतं. त्या दिवशी मी त्यांना हात जोडले, तर तेच लाजले. तरी मी कुत्र्याला लगेच डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासायला दिलं. बायकांवर माझा विश्वास होता, कुत्र्यावर नव्हता.

पण चार दिवस तो जात कसा होता? दीर, यजमान आणि मी तारेच्या कडेनं चालत निघालो. मशीन चालू, बॅटरी भरलेली, सळ्यांजवळ ओल. घराच्या मागच्या कोपऱ्याशी आलो आणि तिघंही थांबलो. तारेवर सहा गोधड्या वाळत होत्या. ओल्या, जाड, जमिनीला टेकलेल्या. त्यांच्या ओझ्यानं तिन्ही पदर खाली लोंबत होते, झटका सगळा गोधड्यांतून जमिनीत उतरत होता, आणि मधल्या गोधडीवर चिखलाच्या पायांचे ठसे होते. जाताना एक ओळ, येताना एक ओळ.

"आई!" दीर ओरडले.

सासूबाई शांतपणे आल्या. "आरं, थंडी सपली. गोधड्या धुवायच्या न्हाईत व्हय? चार दीस झालं, रोज थोड्या धुते. मी बटन बंद करते, घालते, परत चालू करते. मला काय कळत न्हाई?"

"पन तारंवर कशाला?"

"मग कुठं? तुज्या डोक्यावर घालू?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "धुण्याला तार बांधा, तार बांधा, कवापास्नं सांगते. हिच्या वहीत लिवलेलं हाय. इचार."

मी वही चाळली. होतं. "सासूबाई, धुण्याची तार." माझ्याच अक्षरात, प्रत्येक महिन्याच्या शेवटी उरलेल्या कामांत, तिथून पुढच्या महिन्यात, तिथून त्याच्या पुढच्या. मागची वही काढली, तिच्यातही होतं. गॅस, शेळीची लस, पाईपचा जोड, सगळ्यांवर टिक. ह्याच्यावर नाही. कुत्र्याचा जीव वाचवायला आम्ही सौर पाटी आणली, आणि म्हातारीनं मागितलेली वीस हात तार कुणी बांधली नाही. यजमान वाकून वाकून हसायला लागले. मग दीर, मग सासूबाई, आणि शेवटी मी.

धुण्याची तार त्याच संध्याकाळी उभी राहिली, भरपूर उंच, घराच्या पुढच्या बाजूला. गोधड्या आम्ही सगळ्यांनी मिळून हलवल्या. सासूबाई खुर्चीतून हुकूम देत होत्या आणि दीर प्रत्येक हुकमाला सॅल्यूट ठोकत होते. झटक्याची तार पुन्हा ताणली, तेव्हा दुसऱ्या दिवशी कुत्रा नेहमीच्या वेळी कोपऱ्यात आला, उभा राहून टक्टक् ऐकली, आमच्याकडे फार दुखावल्यासारखं बघितलं आणि माघारी फिरला. काढणीच्या बायका मग बांधाशी येऊन, तारेवरून त्याला भाकरी टाकायला लागल्या.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. बागेतला शेवटचा टेम्पो गेला. ओळींखालचे मणी बागायतदारांनी स्वतः झाडून घेतले आणि त्या रात्री आमच्याकडे पुरणपोळी झाली. जेवता जेवता बागायतदार म्हणाले, औंदा निम्मा माल त्यांनी बेदाण्याला ठेवलाय, शेडवर पसरायला सुरुवात झाली. डॉक्टरांना मी लगेच फोन केला. ते म्हणाले, बेदाणा द्राक्षांपेक्षा वाईट.

शेड पश्चिमेला आहे. त्या बाजूला आमची तार नाही. आठ खांब आणून लिंबाखाली टाकलेत, तार उभी राहीपर्यंत कुत्र्याला दिवसभर कुणीतरी धरून बसतं, आत्ता पाळी माझी आहे. खड्डा अजून एकही खणलेला नाही.