तिप्पण्णाचा रिकामा चौकोन

माझ्या लेकीच्या, भुवीच्या डोक्यात एकदा काही शिरलं की निघत न्हाय. पुण्याच्या कुणीतरी तिला तोंडावर विचारलं, "सोलापुरात कानडी बोलणारे कलाकार असतात तरी कुठे?" झालं! बाईसाहेब पेटल्या. नोकरी सांभाळून वर्षभर वेबसाइट करत बसली. कौदी म्हणजे गोधडी शिवणाऱ्या, बँजो वाजवणारे, रुखवत मांडणाऱ्या, सगळी आमची माणसं. प्रत्येकाला एक चौकोन, त्यात नाव, फोन आणि कामाचा फोटो. वळसंग, अक्कलकोट, उन्हातान्हात हिंडली. काळी पडली की पोरगी.

निम्मी माणसं तिला माझ्या धाकट्या दिरानं, महेश्वरभावजींनी मिळवून दिली. त्यांचा लग्नाच्या मांडवांचा धंदा. फुलांच्या कमानीत त्यांचा हात धरणारं कुणी न्हाय. उद्घाटनाचा हॉलसुद्धा त्यांनीच ठरवलेला.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच भावजी दारात. चप्पल न काढताच ओरडले, "भुवी, तिप्पण्णाचं नाव काढ आधी!"

तिप्पण्णा विमानं बांधतो. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत न्हाईत, बसवून नेतात. त्यासाठी बांबूचं, फुलांनी सजवलेलं ते विमान. भुवीनं त्याला भावजींच्या शेजारीच टाकला होता, दोघंही फुलांचे कलाकार म्हणून! आता ह्या शहाणीला काय म्हणायचं? लोक मांडव शोधायला येणार आणि शेजारी हे.

"सगळ्या कलाकारांचे फोन येतायत मला," भावजी म्हणले. "दुपारपर्यंत नाव निघालं न्हाय तर आमी सगळे निघतो. मग बस रिकामा हॉल घेऊन."

"त्यांचं काम बघितलंय तुमी कधी, काका?" भुवी म्हणली.

"काय बघायचंय त्यात? फोटो तरी हाय का?"

तिप्पण्णाचा चौकोन रिकामाच होता. फोटोपुरतं विमान बांधायला तो काही केल्या तयार न्हवता. रिकामं विमान माणूस मागतं, असं आमच्यात मानतात. आणि खरं बांधलेलं मातीपाशीच मोडतात. "आयुष्यभर बांधली, पोरी," तो भुवीला म्हणला होता, "पन माजी फुलं कुणी बगितलीच न्हाईत. रडनारं मानूस फुलं बगतंय व्हय?"

भुवी लॅपटॉपसमोर बसली. मागं भावजी फोनवर कुणाला तरी सांगत होते, "काढतीय, काढतीय." तिनं तिप्पण्णाचं नाव उघडलं. बोट बटणावर, आणि डोळ्यांत पाणी. नाव ठेवलं तर वर्षाची मेहनत जाणार, काढलं तर म्हाताऱ्याला तोंड दाखवायची सोय न्हाय.

मग माझंच टाळकं सटकलं. "थांब!" म्हणलं. कपाट उघडलं, साड्यांखालचं पाकीट काढलं. आमचे हे गेले त्या दिवशीचा फोटो होता त्यात. तो हाती आल्यापासून मी एकदाही बघितला न्हवता, धीरच होत न्हवता. "घे. तुझ्या वडिलांचं विमान तिप्पण्णानंच बांधलं होतं."

"वैनी! अण्णाला असं जगासमोर मांडायचं?"

"माझा नवरा हाय. मी ठरवीन."

भुवीनं फोटो स्क्रीनवर घेतला. विभूती लावलेले हे, डुलकी लागल्यासारखे बसलेले. पुढं खांदा द्यायला भावजी, रडून तोंड सुजलेलं. मला हुंदका आवरला न्हाय.

"मोठा कर," भावजी म्हणले. आधी भावाचा चेहरा बघितला, मग नजर हळूहळू वर नेली. शेवंतीची कमान, मधे बेलाची पानं, कडेनं मोगऱ्याच्या सरी.

"अण्णाला मोगरा लई आवडायचा," ते म्हणले. "तिप्पण्णाला कुणी सांगितलं?"

"मी. दारात येऊन त्यानं तेवढंच विचारलं होतं, मालकास्नी कुठलं फूल आवडायचं."

भावजी खालीच बसले. "माझ्या खांद्यावर होतं, वैनी. आणि मी बघितलंच न्हाय."

फोन पुन्हा वाजला. त्यांनी उचलला. "न्हाय, नाव राहणार. जायचं त्यानं खुशाल जावं."

आणि गेली की माणसं! संध्याकाळी हॉलमधल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या. तिप्पण्णा दारापाशी अंग चोरून उभा होता. भावजींनी त्याला हाताला धरून पुढं आणलं, पडद्यावरच्या त्या फोटोसमोर बसवलं. म्हातारा कितीतरी वेळ बघत राहिला. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणला, "डाव्या अंगाला मोगरा जरा कमीच पडला हो, अक्का."