जुन्या व्हर्जनचं पान

असोद्याची किरण माझ्या शेजारची. सोहनलालशेठच्या केळी पिकवायच्या खोल्या ती कॉम्प्युटरवर चालवायची. त्या खुर्चीवर बसलेली गावातली पहिलीच बाई. नाटकमंडळीत राण्यांची कामं करता करता मी म्हातारा झालो, पण तिच्या चालण्यातला रुबाब मला कधी साधला नाही.

एकदा वीज कमीजास्त झाली आणि कॉम्प्युटरमधली सगळी सेटिंग पुसली गेली. खोल्या मालाने भरलेल्या. सॉफ्टवेअर बसवून देणारा फोन उचलेना. किरणने नेटवर त्याचं मॅन्युअल शोधलं. पानाच्या माथ्यावर पट्टी होती: हे नव्या व्हर्जनचं आहे, जुनं हवं असेल तर इथे बघा.

ती पट्टी सोडून खाली सरकली. केळीच्या धंद्यात रोज नवा भाव निघतो. कालचा भाव सांगणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. जुनं म्हणजे मेलेलं, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं.

नव्या व्हर्जनमध्ये हवा बाहेर टाकणारे पंखे दर किती वेळाने फिरवायचे, त्या रकान्यात मिनिटं भरायची. शेठकडचं व्हर्जन जुनं, ते त्याच आकड्याला तास समजायचं. तिने तीस भरले. पंखे फिरलेच नाहीत. पिकवायचा गॅस सोडला की खोली उघडायची नसते, त्यामुळे कोणाला कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सोनगीरच्या झुलाल हमालाने दार ओढलं.

"ताई, बठ्ठा माल उकडी गया वं!"

"सकाळी सकाळी चेष्टा नको, झुलालभाऊ."

"हात लाई देख."

सगळ्याच मालाची साल हिरवी, आत गराचा लगदा. आमच्या मंडळीत एकाला प्रवेश जुना पाठ आणि दुसऱ्याला नवा, असं झालं की प्रेक्षक हसायचे, आम्हीही हसायचो. काय दिवस होते! इथे मात्र हसायला कोणी नव्हतं.

शेठ आले. दार लावून हळूच म्हणाले, "विजेवर टाकून दे, किरण. व्यापाऱ्यांना मीही तेच सांगतो."

"वीज नाही, शेठ. मी चुकीचं पान वाचलं."

"अगं, हे बोललीस तर तुला ठेवता येणार नाही मला. बाजार काय म्हणेल?"

"पाचोऱ्याच्या पिकवायच्या खोल्यांवरही हेच जुनं सॉफ्टवेअर आहे. उद्या त्यांची सेटिंग गेली की तेही नवंच पान उघडतील."

शेठसमोरच तिने पाचोऱ्याला फोन लावला. कोणतं पान उघडायचं, कोणत्या रकान्यात काय भरायचं, सगळं सांगितलं. पलीकडचा खो-खो हसला. "म्हणजे तुमचा माल उकडला वाटतं, बाई?"

"हो," किरण म्हणाली. "सगळा."

दुपारपर्यंत बाजारभर झालं. शेठने चाव्या मागून घेतल्या. वाईट त्यांनाही वाटलं असावं, पण मागितल्या.

पुढे पाचोऱ्यालाही सेटिंग पुसली गेली, पण त्यांचा माल वाचला. तिथून कामाला बोलावणं सोडा, साधा फोनही आला नाही. किरण आता बागांमध्ये केळीच्या फण्या धुते. चिकाने तिची बोटं काळी पडलीत. मी विचारलं, "शेठकडे शब्द टाकू का, पोरी?"

"नको, नाना. त्यांनी माझ्या जागी माणूस ठेवला," म्हणाली, आणि पुढची फणी पाण्यात बुडवली.