चारचं पाणी

मिटून कपाटात ठेवलेला माझा लॅपटॉप रोज दुपारी चारला आपोआप जागा होऊन घुरघुरायचा आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी संपवून बसायचा. दुरुस्तीवाला म्हणाला, बॅटरी बदला. बदलली, डोंबलाचा फरक पडला! शेवटी वैतागून मीच सेटिंग उघडली; बघू तरी, ह्याला उठवतंय कोण. बाबांनी लावलेला रिमाइंडर निघाला: ‘पाणी आलं, ऊठ.’

आंबिवलीच्या घरी चारला अर्धा तास पाणी यायचं, आणि हेडफोन लावून बसलेल्या मला त्यांच्या हाका ऐकू यायच्या नाहीत.

बाबा जाऊन वर्ष झालं. मी रिमाइंडर काढून टाकला. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप गाढ झोपला. चारला मी मात्र दचकून उठलो, पिंप भरायला निघालो. घोडबंदर रोडच्या ह्या फ्लॅटमध्ये पिंपच नाही.