मराठीचा एकच पेपर

पाकिटाच्या डिंकाचा वास आला की मला सुरतेतली ती परीक्षा आठवते. आमच्या शाळेत आंतरराष्ट्रीय बोर्ड नवंच आलं होतं आणि त्यात मातृभाषेचा पेपर घेता यायचा. मराठी घेणारी मी एकटीच. शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून आई बँकेतून आली की माझ्याबरोबर कादंबऱ्या वाचायची. परीक्षेत सरांनी परदेशातून आलेलं सीलबंद पाकीट माझ्या एकटीसाठी फोडलं आणि हसून गुजरातीत म्हणाले, “ले बेटा, तारी भाषा!” घे, तुझी भाषा. छापील मराठी बघून मी आधी सगळा पेपर एकदा वाचून काढला. परतताना रिक्षात आईने विचारलं, “काय आलं होतं गं?” मी प्रश्न सांगताच तीच उत्तर देऊ लागली, आणि इतकी रंगली की रिक्षा थांबवायची राहिली आणि आमची कतारगामची गल्ली मागे पडली. माझे गुण आता आठवत नाहीत. आईचं उत्तर मात्र माझ्या उत्तरापेक्षा सरस होतं.