हरलेल्या सूत्राचं भरीत

माझ्या बायकोच्या मामांइतक्या आनंदानं हरलेला माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा झाला नसेल. जळगावच्या एका कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवायचे, पण जीव अडकलेला विश्वाच्या टोकाला. सगळ्या जगानं मान्य केलेलं गुरुत्वाकर्षण या गृहस्थांना नापसंत! फार लांबच्या अंतरावर ते पुस्तकात लिहिल्यापेक्षा जास्त जोर लावतं, असं त्यांनी स्वतःचं सूत्रच मांडलं होतं. घरी पुऱ्या लाटल्या की एकीवर कुंकवाचे ठिपके देत, ती कढईत सोडत आणि ओरडत, "बघा जावईबापू, पुरी फुगली तसे ठिपके लांब गेले! विश्वाचंही हेच. फक्त माझं सूत्र खरं असेल, तर तिथला फुगण्याचा वेग झपाट्यानं मंदावतोय." मामी म्हणायच्या, "विश्व राहू द्या, तेल जळतंय." एका लग्नात तर त्यांनी वरबापाला आकाशगंगा समजावायला घेतल्या आणि मुहूर्त टळता टळता राहिला. कुणी हसलं की म्हणत, "ज्याला चूक ठरायची सोय नाही तो सिद्धांत नव्हे, थाप!"

नव्वदच्या दशकाअखेरीस, लांबवर फुटलेल्या ताऱ्यांची मोजमापं छापून आल्याची बातमी लागली. आता विश्वाच्या फुगण्याचा वेग कळणार, म्हणजे सूत्राचा निकालच! मामांनी विजय गृहीत धरून भडगावच्या शेतात भरताचं आमंत्रण गावभर देऊन टाकलं आणि स्वतः आकडे पाहायला जळगावला गेले. निकालाआधी पेढे कुणी वाटत नाही. पण हिवाळा आहे, वांगी लागलीत म्हटल्यावर आमच्याकडे भरीत कोण थांबवतो? संध्याकाळी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी तडतडत होती, तेवढ्यात मामा एसटीतून उतरले. हसू गालात मावेना. आम्ही हार घातला, मामींनी ओवाळलं.

"पडलं! माझं सूत्र सपशेल पडलं!" मामा गरजले. "वेग मंदावत नाहीये, वाढतोय!"

आमच्या टाळ्या हवेतच राहिल्या. शेजारच्या शेतातले आबा म्हणाले, "तुमनं गणित हारनं ना, भाऊ? मंग हाई जेवण कसानं?"

"आबा, आकाशनी मन्हं गणित तपासं! आखो काय जोयजे?" खुद्द आकाशानं गणित तपासलं, आणखी काय हवं माणसाला!

मग काय विचारता! मामा पंगतीत फिरून आग्रहानं भरीत वाढत, आपण कुठे चुकलो ते ज्याला त्याला सांगत सुटले. ऐट अशी, की बघणाऱ्याला वाटावं यांनी विश्वच जिंकलं. मला तर त्या दिवशी त्यांचा भारी अभिमान वाटला.

पंगत उठल्यावर मामी त्यांना वाढायला बसल्या. हळूच म्हणाल्या, "अहो, जराही वाईट नाही वाटलं?"

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"वाटलं ना," ते म्हणाले. "ते सूत्र खरं असेल, असं वाटण्याची सवय झाली होती गं."