कॉम्प्युटरच्या डब्यातल्या अक्षता

अशी बैस पोरी, आणि हे पत्र नीट वाच. "मामी, आईची गाणी फोनवर पाठवून दे ना," म्हणून मोकळी झालीस. पाठवून दे म्हणे, जशी काही बरणीत लोणचं भरून ठेवलंय. मला काय काय हातात धरावं लागलं ते आधी वाच, मग हुकूम सोड.

तुझी आई, माझी नणंद, शेवटचे सहा महिने इथे उज्जैनला माझ्यापाशी होती. ती भोंडल्याची गाणी म्हणायची आणि मी दोन बोटांनी टाइप करायची. एकतीस झाली. सगळी त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये, दुसरीकडे एक ओळसुद्धा नाही. तुझा फोन आला त्याच दुपारी मी बटण दाबलं. आतून तीनदा टूं झालं आणि पडदा काळाच.

टावर चौकातल्या दुकानात नेला. तिथल्या माणसानं उघडूनही पाहिलं नाही. "आंटीजी, ये तो कबाड़ है, नया ले लो." तोंडात गुटखा, त्याचे शिंतोडे माझ्या डब्यावर. मी पदरानं पुसला आणि तसाच रिक्षात घालून परत आणला. तो पदर तीनदा धुतला.

मग शेजारचे काका पेचकस घेऊन आले. रेल्वेत सिग्नलचं काम करून रिटायर झालेत, तारांची माहिती आहे. त्यांनी बाजूचा पत्रा काढला आणि दोन पावलं मागे सरकले.

"वहिनी, इथे कुणीतरी राहतंय."

उंदराचं घरटं होतं. माझ्या क्रोशाच्या कव्हरचे कुरतडलेले धागे, लेंड्या, झुरळांचे पंख, मुतानं चिकट झालेली धूळ. आणि त्यात लाल लाल तांदूळ. मला ओकारीच आली. काकांना म्हटलं वासानं आली. खरं तर तांदूळ ओळखले म्हणून आली. दर खंडेनवमीला मी त्या डब्याला कुंकू लावते, झेंडू वाहते, वरून अक्षता टाकते, गूळखोबरं ठेवते. वर जाळी आहे हे रोज दिसत होतं. पण वाहिलेल्या अक्षता पुढे कुठे जातात, असा विचार कोण करतं? इतकी वर्षं उंदीर पोसला मी, तोही हात जोडून.

"पावला म्हणायचा," काका म्हणाले.

"तुम्ही नाक दाबा आणि तो ब्रश इकडे द्या."

काका दारातून सांगत होते, हात माझे. हातांना दुधाच्या रिकाम्या पिशव्या बांधल्या आणि तुझ्या मामांच्या जुन्या दाढीच्या ब्रशनं सगळं खरवडून काढलं. एक लेंडी पायावर पडली, ती जागा अजून शिवशिवते. मेमरीच्या दोन पट्ट्या असतात, त्यांच्या पिवळ्या कडांवर कुंकवाचा काळपट राप बसला होता. खोडरबरानं घासल्या आणि टक् आवाज येईस्तोवर दाबून बसवल्या. बटण दाबलं तर एकच टूं. पडदा उजळला, पण त्यावर आलं की डिस्क सापडत नाही. गाणी त्या डिस्कवरच होती. मी खाली बसले.

काका शेवटी आत आले. डिस्ककडे जाणारी तार चाचपत गेले तर तीही उंदरानं कुरतडलेली. देवास गेटजवळून तसलीच दुसरी आणली, लावली.

गाणी आहेत. एक एक उघडून मोजली. पेन ड्राइव्हवर उतरवूनही घेतली.

पण एकतिसावं अर्धंच आहे. तुझ्या आईला आठवेना, तेव्हा तिनं खाली माझ्याकडून लिहून घेतलं होतं, "पुढचं पोरीला येतं, तिला विचार." हे मी साफ विसरले होते.

तेव्हा मी काही पाठवत नाही. हात चार वेळा साबणानं धुतले तरी त्या कीबोर्डला बोट लावायची किळस येते. पुढचं तू म्हण आणि तूच टाइप कर. खंडेनवमीच्या आत ये, यंदा कुंकू कुठे लावायचं तेही तूच दाखव. लवकर ये गं.